परका तुकडा

तुमच्या अंगातून डॉक्टरांनी काढून नेलेला तुकडा पुढे कुठे जातो, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? बहुतेक लोक विचारत नाहीत. गाठ काढली, बाटलीत टाकली, बाटली गेली. आठ दिवसांनी एक कागद येतो आणि तो वाचून घरातली माणसं एक तर सुटकेचा श्वास टाकतात, नाही तर भिंतीला टेकून खाली बसतात. मधले आठ दिवस तो तुकडा माझ्या हातात असतो.

मी डॉक्टर नाही. दहावी झाल्यावर शिक्षण थांबलं. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात बाटल्या धुवायला लागले आणि बघून बघून काम शिकले. तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमला लावायचा, चाक फिरवायचं. केसाहूनही पातळ काप निघतात आणि त्यांची रिबीन होते. ती कोमट पाण्याच्या भांड्यात सोडली की सुरकुत्या जाऊन पसरते. मग खालून काच घालून उचलायची. हे मी बावीस वर्षं करतेय.

या कामात एक चूक फार वाईट. एक ब्लॉक झाला की पाण्याचा पृष्ठभाग टिपकागदाने पुसून घ्यायचा असतो. नाही पुसला, तर आधीच्या माणसाचा कण तरंगत राहतो आणि पुढच्या माणसाच्या काचेवर चढतो. आम्ही त्याला फ्लोटर म्हणतो. परका तुकडा. एका कणाने निरोग्याला कॅन्सर होतो, कागदावर. बावीस वर्षांत माझ्या हातून फ्लोटर गेला नव्हता, आणि याचा मला थोडा ताठाही होता.

त्या वर्षी माझी भाची, भावाची मुलगी, आमच्याच कॉलेजात डॉक्टरकीला लागली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी तिचा पाय ठरत नाही. कॉलेज सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते, हाडांची नावंसुद्धा धड पाठ नव्हती, आणि एका रविवारी जेवताना तिने जाहीर करून टाकलं, "मी पुढे पॅथॉलॉजी घेणार."

भावाच्या हातातला घास हातातच राहिला. "लोकांची पोरं जिवंत माणसांचे डॉक्टर होतात. आमची बाटलीतल्या तुकड्यांची होणार?"

"बाबा, पेशंट काही लपवतो, काही वाढवून सांगतो. तुकडा खोटं बोलत नाही."

"ऐक, ताई. ही तुझी शिकवणी."

"मी कशाला शिकवतेय? मला तुकडा कापता येतो, वाचता कुठे येतो?" मी म्हटलं. पण खरं सांगते, आतून मला बरं वाटलं. आमच्या घरात माझ्या कामाबद्दल कुणी फार विचारत नसे. हात धुऊन आलीस ना, एवढंच विचारत.

तेव्हापासून ती लेक्चर संपलं की विभागात यायला लागली. आमच्या विभागप्रमुख मॅडम कडक, पण तिच्याशी बरं वागायच्या. "पहिल्या वर्षाला सगळ्यांना हृदय उघडायचं असतं," त्या म्हणायच्या, "ही एकटी मेण बघायला येते. बसू दे."

आणि त्याच दिवसांत ते सुरू झालं.

सोमवारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जठराच्या काचेवर, अगदी कडेला, एक परका तुकडा होता. नखाच्या कोरीएवढा, एका टोकाला फाटा फुटलेला.

"ताई, पाणी पुसलं नव्हतंत का?"

"पुसलं होतं, मॅडम."

"हा बाईच्या छातीतला आहे. कॅन्सर आहे. आजोबांच्या पोटात कसा जाईल?"

माझे कान तापले. मी भांडं रिकामं केलं, घासलं, नवं पाणी घेतलं, पातं बदललं. मंगळवारी एका लहान मुलाच्या टॉन्सिलच्या काचेवर तोच तुकडा. तोच फाटा. बुधवारी मॅडम स्वतः माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी रिबीन पाण्यात सोडली, त्यांनी वाकून पाहिलं, पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. काच उचलली, रंग दिला, वाळवली. मॅडमनी ती भिंगाखाली धरली.

"आहे," म्हणाल्या. "कुणी गंमत करतंय म्हणावं, तर एवढी बारीक गंमत करणार कोण?"

दोन वर्षांतल्या छातीच्या कॅन्सरच्या सगळ्या काचा त्यांनी काढून तपासल्या. प्रत्येक कॅन्सरचा चेहरा वेगळा असतो, असं त्या म्हणतात. हा चेहरा कुणाशीच जुळेना. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी चष्मा काढला आणि भिंगरीला आणि मला समोर उभं करून सांगितलं, "तुकडा इथे आहे म्हणजे बाई कुठेतरी आहे. आपल्या यादीत नाही, म्हणजे तिला उपचार चालू नाहीत. कदाचित तिला माहीतही नसेल. ती सापडली पाहिजे, आणि लवकर."

"मी शोधू?" भिंगरी म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. "जुन्या काचांचे ट्रे आतल्या खोलीत आहेत. ओळखता येणार नाही तुला काही. पण तो फाटा बघत जा. नजर तरी बसेल."

रविवारी विभाग बंद असतो. पण शनिवारचे तुकडे मशीनमधून काढून दुपारी तीनला गरम मेणात घालावे लागतात, आणि ते काम माझं. त्या रविवारी भिंगरी माझ्याबरोबर आली. मी तिला आतली खोली उघडून दिली, ट्रे दाखवले, आणि माझ्या कामाला लागले.

सुट्टीच्या दिवशी विभाग वेगळाच वाटतो. एरवी मेण विरघळवायच्या झायलीनचा वास माणसांच्या वासात मिसळलेला असतो. त्या दिवशी नुसताच येतो, गोडसर, घशाला चिकटणारा. मेणाच्या भट्टीचा घूं घूं आवाज, नळातून पडणारा थेंब. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि चार वाजताच खोलीत मळकट उजेड पसरला होता. मी ब्लॉक भरत बसले.

थोड्या वेळाने आतून भिंगरीचा आवाज आला.

"हो... हो, दिसलं. हे काळे ठिपके, दाटीवाटीने... हो मॅडम."

मला वाटलं, मॅडम मागच्या दाराने आल्या. त्यांच्याकडे त्या दाराची किल्ली असते, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन बसायची त्यांना खोडही आहे. बरं झालं म्हटलं. पोरीला कुणीतरी दाखवायला पाहिजेच होतं.

अर्ध्या तासाने पुन्हा कानावर आलं, "नाही, हा वेगळा आहे. याला फाटा नाही... मग हा कुणाचा?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम हळू, "तुमचा?"

मी चहा ठेवला. तीन कप केला, मॅडमना बिनसाखरेचा. ट्रे घेऊन आतल्या खोलीच्या दारापाशी गेले आणि पायाने दार ढकललं.

त्या खोलीत दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप आहे. एका बाजूला शिकवणारा बसतो, समोर शिकणारा, आणि दोघं एकच काच बघतात. शिकवणाऱ्याच्या हाताशी काच सरकवायचे स्क्रू असतात आणि एक हिरवा बाण हलवायची कळ. बघ, इथे बघ, असं दाखवायला. शिकणाऱ्याच्या हाताशी काहीच नसतं. आणि दोघांचेही डोळे नळ्यांना लावलेले असल्यामुळे समोरच्याचं तोंड कुणालाच दिसत नाही.

भिंगरी शिकणाऱ्याच्या जागी बसली होती. डोळे नळ्यांना, दोन्ही हात मांडीवर.

समोरचं स्टूल रिकामं होतं.

काच सरकवायचा स्क्रू फिरत होता. थोडासा फिरायचा, थांबायचा, पुन्हा थोडासा फिरायचा. जसं कुणी काहीतरी दाखवतंय आणि समजलं का म्हणून थांबतंय. आणि त्या स्टुलाची गादी... काळ्या रेक्झिनची गादी आहे त्याची, आत हवा भरलेली. ती खाली दबलेली होती.

कप ट्रेमध्ये वाजले.

"भिंगरे," मी म्हटलं. "कुणाशी बोलतेस?"

"थांब ना, आत्या. मॅडम दाखवतायत."

"कुठल्या मॅडम?"

तिने डोकं वर केलं. त्याच वेळी गादीने एक लांब उसासा टाकला, फुस्सस... आणि सावकाश वर आली.

भिंगरी त्या स्टुलाकडे बघत राहिली. "आत्ता तर होत्या," ती म्हणाली. "आपल्या मॅडम नाहीत. आवाज वेगळा होता, थकल्यासारखा. तू बाहेर गेलीस, मी ट्रे घेऊन वळले, तेव्हा दिवा लागलेला होता, समोर कुणीतरी वाकून बसलेलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणी शिकवणाऱ्या असतील. म्हणाल्या, बस, दाखवते... मी बसले. नीट शिकवलं गं त्यांनी. इतकं नीट कुणी शिकवलं नव्हतं."

मी ट्रे जमिनीवर ठेवला. टेबलापर्यंत गेले आणि काच काढून उजेडात धरली. एकवीस वर्षांपूर्वीची काच. कडेला पेन्सिलने लिहिलेला नंबर, माझ्या तेव्हाच्या गोल गोल अक्षरातला. काचेवर दोन तुकडे, दोऱ्याएवढे बारीक.

तो नंबर मी जन्मात विसरणार नव्हते.

"ही त्यांचीच आहे म्हणाल्या," भिंगरी म्हणाली. "आधी माझी बघ, म्हणाल्या. यात काही नाही ना? मी म्हटलं, नाही दिसत. म्हणाल्या, बरोबर. जे होतं ते यात नाही. असं का म्हणाल्या, आत्या?"

मला खोटं सांगता आलं असतं. ती अजून पहिल्याच वर्षाला होती, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण समोरचं स्टूल रिकामं दिसत होतं आणि ते रिकामं आहे याची आता मला खात्री नव्हती.

मी सांगितलं. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. एका बाईच्या छातीतून सुईने काढलेले तीन तुकडे आले होते. चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं, तुकडे तीन. आमच्याकडे चिठ्ठी पेन्सिलनेच लिहितात, कारण शाई स्पिरिटात विरघळते, पेन्सिल टिकते. मेणात बसवताना चिमट्यातून एक तुकडा उडाला. मी टेबल पाहिलं, फरशी पाहिली, झाडूने काढलेला कचरा बोटांनी चाळला. मिळाला नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटली. मग मी रबर घेतलं, तीन खोडलं आणि दोन लिहिलं. चिठ्ठीवरही आणि वहीतही. रिपोर्ट गेला, कॅन्सर नाही. दीड वर्षाने त्याच बाईची बाटली पुन्हा आली, तेव्हा मानेच्या गाठी आल्या होत्या. मग आली ती वॉर्डातून शेवटची बातमी.

"तू खोडलंस?" भिंगरी म्हणाली.

"हो."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"नाही."

तिने स्टूल मागे सरकवलं. माझ्यापासून दूर. बाहेर अंधारून आलं होतं, आणि खोलीत मायक्रोस्कोपचा तेवढा गोल उजेड टेबलावर पडला होता. मला वाटलं, संपलं. ही पोरगी आता ना इथे येईल, ना माझ्याशी बोलेल. आणि तसं झालं असतं तरी मला तक्रार करायला तोंड नव्हतं.

"म्हणजे तो फ्लोटर त्यांचा," मी म्हटलं. "एकवीस वर्षांनी वर आला. मी उद्या मॅडमना सांगते. सगळं सांगते."

"नाही." तिने मान हलवली. "मीही तेच विचारलं त्यांना. तो फाट्याचा तुमचा का? तर म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, नाही, तो माझा नाही. माझा आता मिळायचा नाही." भिंगरीने ओठ ओले केले. "म्हणाल्या, माझा हरवला... हिचा हरवू देऊ नकोस."

"हिचा म्हणजे?"

ती उठून माझ्याजवळ आली, आणि तिच्या डोळ्यांत राग तसाच होता.

"मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये, आत्या," ती म्हणाली. "उजवा हात वर कर."

"कशाला?"

"वर कर म्हणते ना."

मी हात वर केला. चाक फिरवून फिरवून तो खांदा कायम दुखतो, त्यामुळे वर जाताना कळ आली. भिंगरीने काखेच्या खाली चार बोटं मोजली, एक, दोन, तीन, चार, आणि तिथून आत छातीकडे वळून दोन बोटं दाबून धरली. पहिल्या वर्षाच्या मुलीला कुणी हे शिकवलेलं नसतं. तिने ती जागा शोधलीसुद्धा नाही. कुणी बोट धरून नेऊन ठेवावं, तशी बोटं तिथे जाऊन थांबली.

"इथे," ती म्हणाली. "त्यांनी मला माझ्याच अंगावर दाखवलं होतं कुठे दाबायचं ते. मला वाटलं, शिकवतायत."

मला काही लागलं नाही. तिलाही नाही. पण ती बोटं काढेना. तिचे हात बर्फासारखे होते, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगावर दोनपेक्षा जास्त बोटं आहेत. मी खाली बघितलं नाही. तिनेही नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, भट्टीची घूं घूं ऐकत, आणि मग हळूहळू तो दाब सुटला.

त्या रात्री ती आमच्याकडेच झोपली, माझ्या खोलीत, पाठ करून. पण पहाटे मला जाग आली तेव्हा तिने माझ्या मनगटाला धरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी मॅडमच्या खोलीत गेले आणि एकवीस वर्षांपूर्वीचं सगळं उभ्यानेच सांगितलं. संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्याचं जे व्हायचं ते होईल, ताई, आणि मी ते थांबवणार नाही. आधी सर्जनकडे जा." भिंगरी मला घेऊन गेली. सर्जननी हाताने तपासलं, काही लागलं नाही, मग मशीन लावून पाहिलं आणि पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिले. "ज्वारीच्या दाण्याएवढी आहे," ते म्हणाले. "ही हाताला लागणं शक्यच नाही. कुणाला सापडली?" भिंगरी म्हणाली, "एका मॅडमना." त्यांनी पुढे विचारलं नाही, मान डोलावली आणि तिथल्या तिथे सुईने तुकडे काढले. भिंगरीने ते दोनदा मोजले, चिठ्ठी लिहिली आणि बाटली दोन्ही हातांत धरून विभागाकडे निघाली. मी खाटेवर पडल्या पडल्या उघड्या दारातून बघत होते. कॉरिडॉर लांबवर रिकामा होता. थोडं गेल्यावर ती भिंतीच्या बाजूला सरकली, बरोबर चालणाऱ्याला जागा करून द्यावी तशी, आणि मान किंचित वळवून, काहीतरी ऐकत, हळूहळू पुढे चालत गेली.